कोरडा दोरा

कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूच नये, पण एका बाईने दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढी गोधडी, दोऱ्याच्या टोकाला तोंडचा एक थेंबही न लावता, हाताने शिवून पुरी केली. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत कोरडी. असं ती स्वतःच सांगत सुटली होती. औषधवाल्याला तिने सांगितलं, जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगितलं, आणि ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना तर हमखास सांगितलं. गोधडीचा एक कोपरा अजून बाकी होता, पण बढाईला कोपरा कुठे आड येतो? ज्यांनी जन्मात सुई धरली नव्हती ते म्हणाले, मग त्यात काय एवढं. ज्यांनी धरली होती त्यांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या रबरी हातमोज्यांकडे, आणि ते आपल्या वाटेने गेले. कारण दोरा ओवायचा म्हणजे टोक ओठांत धरायचं, जिभेने भिजवायचं, दातांखाली चपटं करायचं आणि मग सुईच्या नेढ्यात सारायचं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. माकडाच्या हातात सुईदोरा दिला तर तेही आधी दोरा तोंडातच घालील. पण माकडाने दातांच्या दवाखान्यात नोकरी केलेली नसते.

दवाखान्यात तिला नळीबाई म्हणायचे. खुर्चीत माणूस आडवा झाला, त्याने आ वासला, की जिभेखाली डबकं साचू लागतं. ते डबकं नळीने सतत उपसत राहायचं, हा तिचा धंदा. लोक एखाद्या साहेबाची थुंकी झेलून वर चढतात, हिने साऱ्या शहराची झेलली आणि निवृत्त होईपर्यंत होती तिथेच उभी राहिली, खुर्चीच्या डाव्या बाजूला. तिने आयुष्यात ओढलेली थुंकी एके जागी साठवली असती तर तीत होड्या चालल्या असत्या. डॉक्टर तर म्हणायचा, जहाज. तो हसायचा, ती हसायची नाही. तिच्या कानात तो आवाज कायमचा बसला होता, गुर्रर्र करून शेवटी चुळुक. रस्त्याने जाताना समोरून भारदस्त वकील येवो की नटलेली पोरगी, तिला आधी आतलं ओलं दिसायचं. माणूस म्हणजे एक ओलसर भोक आणि त्याच्या भोवती शिवलेले कपडे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःचं तोंड. दिवसभर माणूस आपली थुंकी गिळत असतो आणि त्याला पत्ता नसतो. पण तीच चमच्यात काढून परत प्यायला सांगा बरं. तोंडाच्या आत अमृत आणि ओठांच्या बाहेर आलं की घाण, मग ती घाण झाली नेमकी कुठे? ओठांवर? हा विचार एकदा सुरू झाला की तिला गिळता यायचं नाही. घसा अडून राहायचा, तोंड भरत जायचं, आणि भर रस्त्यात ही बाई गाल फुगवून उभी.

सुरुवात चमच्याने झाली. नळीबाई आणि तिची आई दोघीच त्या घरात राहायच्या. आईला आता दिसत नव्हतं. शिवून शिवून, टोचून टोचून बोटांची टोकंही बधिर झालेली. म्हणून म्हातारी खालच्या ओठाने बघायची. दूध किती तापलंय, टॉवेल धुतलेला आहे की वापरलेला, नाणं कुठलं, सगळं ओठाला लावून. त्या सकाळी टेबलावर दोन वाट्यांत मऊ भात होता. नळीबाई मीठ आणायला उठली आणि परत आली तर म्हातारीने हिच्या वाटीतला चमचा उचलून ओठाला लावला होता, जिभेने चाटला होता, आणि परत हिच्याच वाटीत खोचला होता. "गरम आहे गं," म्हातारी म्हणाली, "फुंकर मारून खा." चमच्यापासून भातापर्यंत एक बारीक तार लोंबत होती, उन्हात चमकत. ती तार तुटली आणि भातात जिरली.  नळीबाईने वाटी मोरीत नेली, भात टाकला, आणि चमचा धुवायचा म्हणून हातात धरला; पण धुऊन काय होणार, साबण वरवरचा असतो, असं काहीतरी मनात आलं आणि बोटं आपोआप उघडली. चमचा कचऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात पडला.

"काय पडलं?" आईने विचारलं.

"चमचा."

"कुठं?"

"खाली."

म्हातारी जरा वेळ चावत राहिली, तोंडात काही नसताना. मग म्हणाली, "फरशीवर पडला की चमचा उडतो, दोनदा वाजतो. हा एकदाच वाजला."

एवढंच. भांडण नाही, रडारड नाही. म्हातारीने दुपारी चाचपडत फोन लावला आणि नळीबाईच्या धाकट्या भावाला सांगितलं, मला तुझ्याकडे घेऊन जा. त्याने विचारलं, ताईशी भांडलीस का? म्हातारी म्हणाली, छे, चमचा पडला. भाऊ भला माणूस, त्याला दोनदा सांगावं लागत नाही आणि एकदा सांगून कळत नाही. तो म्हणाला, मागची खोली रंगवून घेतो, रंग वाळला की येतो. नळीबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. तिच्या छातीतून काहीतरी हलकं वर आलं, जसं खूप वेळ दाबलेली ढेकर यावी तसं, आणि ते सुटकेचं आहे हे ओळखल्यावर तिला स्वतःची एवढी शिसारी आली की तिने जाऊन हात धुतले. एकदा धुतले, मग कोपरापर्यंत धुतले.

"जाऊ नकोस," ती आईला म्हणाली. पाठमोरी उभी राहून म्हणाली.

"का बरं? त्यात रागवायचं काय?" म्हातारी अगदी व्यवहाराने बोलत होती, दुधवाल्याशी बोलावं तशी. "म्हातारपण म्हणजे दुसरं काय, माणूस सगळीकडून गळायला लागतं. डोळे गळतात, नाक गळतं, तोंड गळतं. ज्या घरात थुंकी चालत नाही तिथं म्हातारं माणूस चालत नाही. तुझा काही दोष नाही, तुझं पोटच त्याच्यावर भरलंय."

"मी करीन ना सगळं. सांग काय करू."

म्हातारीने पलंगाखालचं बोचकं पायाने पुढे ढकललं. तिची शेवटची गोधडी. डोळे गेले तेव्हा अर्धी राहिलेली. "ही पुरी कर. तुझ्या हातानं, मी करते तशी. पुरी झाली की तिच्याखाली इथंच झोपेन, कुठं जात नाही."

"तू करतेस तशी म्हणजे?"

"म्हणजे दोरा तोंडात घालून."

"ते सोडून काहीही सांग."

"मग शीव कोरडी," म्हातारी म्हणाली, "आणि शिवता शिवता माझी पिशवीपण भर."

नळीबाई हट्टी. तिने मनाशी हिशेब केला तो असा, की गोधडी एकदा पुरी झाली, मऊ, उबदार अशी पलंगावर पसरली, की म्हातारी काय टोक ओलं होतं की सुकं ते विचारत बसणार आहे? पुरी झालेली गोधडी टाकून कोणी जात नाही. तिने हातमोजे चढवले आणि बोचकं सोडलं. सोडल्याबरोबर जो वास आला त्याने ती दोन पावलं मागे सरली. जुन्या उशीचा, तेलाचा, घामाचा, माणसांच्या मानेच्या मागच्या भागाचा वास. म्हातारीने गोधडी मधोमध सुरू केली होती आणि गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल बाहेर नेली होती, धावदोऱ्याचे फेरे एकाभोवती एक. तुकडे घरच्याच कपड्यांचे. बापाच्या सदऱ्याची कॉलर, तिच्यावर पिवळी रेघ जशीच्या तशी. भावाच्या शाळेच्या अर्ध्या चड्डीचा मागचा भाग, बसून बसून चकाकलेला. नळीबाईचा स्वतःचा दवाखान्यातला पांढरा कोट, त्याच्या बाहीवर कुणाच्या तरी हिरडीचं तपकिरी झालेलं रक्त. आणि काखा. म्हातारी काखेचे तुकडे मुद्दाम कापून ठेवायची. "काखेतलं कापड सगळ्यात मऊ असतं," ती खुर्चीतून म्हणाली, जणू कलिंगडाचा गर कुठला गोड ते सांगतेय. "घामाने मुरलेलं असतं ना. ते गळ्याशी येईल असं लाव." आणि या सगळ्या काखा-कॉलरींतून आरपार गेलेला एकेक दोरा म्हातारीच्या तोंडातून गेलेला. नळीबाई लहानपणापासून याच बाईने शिवलेल्या गोधड्यांखाली झोपली होती, थंडीत त्या नाकावर ओढून, टोक तोंडात धरून. ती चोखायची ते टोक. हे तिला तेव्हाच आठवलं, आणि ती मोरीकडे धावली.

शिवण येत नव्हतं म्हणून तिने शिकवणी लावली, ती चावीवाल्याच्या दुकानावरच्या लांबट खोलीत चालायची. शिकवणाऱ्या बाईला सगळे टाकेबाई म्हणायचे. ती तोंडात टाचण्या धरून बोलायची; शब्द टाचण्यांच्या फटींतून गाळून यायचे, आणि टाचणी कापडाला लावली की तिच्या डोक्यावर बारीकसा थेंब चमकायचा. पहिल्याच दिवशी तिने नव्या विद्यार्थिनीचं कौतुक म्हणून दोरा आपल्या जिभेवरून ओढला, सुईत घातला आणि सुई पुढे केली. "घ्या, ओवून दिलीय." दोऱ्याचं टोक ओलं, टोकदार, उभं. नळीबाईने ती सुई झुरळ धरावं तशी दोन बोटांत धरली आणि सोडून दिली.

"पडली की हो," शेजारचा म्हणाला. हा निवृत्त बसड्रायव्हर. स्टिअरिंग सुटल्यापासून हात शिवशिवतात म्हणून भरतकामाला आला होता आणि उशांच्या अभ्र्यांवर बस भरत होता, चाकांसकट. त्याने वाकून सुई उचलली, दोरा परत तोंडातून काढला, चांगला बुडापर्यंत, आणि म्हणाला, "ताई, थुंकी म्हणजे फुकटचं मेण हो."

"मग ते मेण तुमच्याकडेच ठेवा."

"असं म्हणता? माझ्या बसमध्ये तर कंडक्टर बोट ओलं करून तिकीट फाडायचा. त्याने सगळ्या शहराला आपली थुंकी वाटली, कोणी मेलं नाही."

"त्याने वाटली, मला ओढावी लागली," नळीबाई म्हणाली. ड्रायव्हरला काही कळलं नाही, पण तो मनापासून हसला, आणि हसताना त्याच्या मागच्या दाढेत एक काळी खळी दिसली. भरून घ्यायला हवी, तिला वाटलं, आणि लगेच नळीचा आवाज आला.

ती घरून आपलं सामान घेऊन जायला लागली. उकळून गार केलेलं पाणी, डब्यात स्पंज, मेणाची वडी, आणि सुई ओवायची ती छोटी तार. पत्र्याच्या चकतीला केसाएवढ्या तारेचा चौकोन असतो, तो नेढ्यातून घालायचा, त्यात दोरा अडकवायचा आणि ओढायचा. जिभेचं काम नाही. टाकेबाईने टाचण्यांतून नाक मुरडलं पण टाके शिकवले. साधा धावदोरा, मग टीप, मग साखळी, मग देठाचा टाका, मग सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन घालायचा गाठीचा टाका, जो नळीबाईला जमेना कारण वेढे घट्ट बसायला बोट जरा ओलसर लागतं. तिच्या गाठी केसाळ व्हायच्या, शेपट्या सुटलेल्या. टीप मात्र तिला अशी जमली की टाकेबाईच्या तोंडातल्या टाचण्या पडायच्या बाकी राहिल्या. त्यात नवल नव्हतं. टाके तिने आयुष्यभर पाहिले होते, फक्त ते हिरडीवर पडायचे. डॉक्टर वाकडी सुई मांसात घालायचा तेव्हा आधी मांस अडतं, ताणतं, आणि मग एकदम वाट देतं, तो क्षण तिला नळी धरलेल्या हातापर्यंत पोचायचा. गोधडीचंही तेच. वरचं कापड, मधल्या चिंध्या, खालचं अस्तर. सुई अडते, अडते, आणि मग सगळं एकदम मऊ पडून तिला आत घेतं. दर टाक्याला तिच्या कानात नळीची ती चुळुक वाजायची. तरी हात थांबत नव्हता. किळस आणि गोडी यांच्यामध्ये एखाद्या अस्तराएवढंच कापड असतं की काय, असं तिच्या मनात आलं. मग असलं मनात आलं याचीच किळस आली.

घरी ती खिडकीपाशी बसून शिवायची आणि म्हातारी समोरच्या खुर्चीत सुईचा आवाज ऐकत बसायची. आईच्या फेऱ्यांच्या बाहेर लेकीचे फेरे पडू लागले. दोन्हींच्या मधली सीमा डोळ्यांनाही दिसायची: आतले टाके थोडे तिरके, गाठी मोहरीसारख्या बसक्या, बाहेरचे टाके सरळ, ताठ, दवाखान्याच्या रांगेत उभे असल्यासारखे, आणि गाठींना शेपट्या. शिवता शिवता तिला काय काय आठवायचं. आई हातरुमालाचं टोक तोंडात घालून ओलं करायची आणि हिच्या गालावरचं खरकटं खसाखसा पुसायची, शाळेच्या दारात, सगळ्या पोरींदेखत. तो ओला, मग गार, मग ताणत जाणारा डाग. आणि वाळताना येणारा वास, थोडा दुधाचा, थोडा लोखंडाचा. दिवसभर गाल आपला वाटायचा नाही. आणि तो चष्मे दुरुस्त करणारा. त्याचं स्थळ आलं होतं, माणूस निर्मळ, नखं कापलेली. दोघं खायला बसली आणि त्याने प्रेमाने आपल्या ताटातला अर्धा चावलेला पाव हिच्या ताटात ठेवला. पावाच्या कडेला दातांची चंद्रकोर आणि चंद्रकोरीवर ओलावा. लग्न मोडायला एवढं पुरलं. लोक म्हणाले, हुंडा नाही, पत्रिका नाही, व्यसन नाही, पाव! आई मात्र काही म्हणाली नव्हती. तिने घरी आल्यावर विचारलं होतं, "चावलेला होता?" आणि हिने मान हलवल्यावर, "मग राहू दे." हे आठवलं तेव्हा नळीबाईची सुई थांबली. म्हातारीने लगेच विचारलं, "का थांबलीस?"

"दोरा संपला."

"संपलेल्या दोऱ्याचा आवाज वेगळा असतो," म्हातारी म्हणाली.

या बाईशी खोटं बोलायची सोय नव्हती. मग ती फोनवर भावाशी बोलायला लागली, मोठ्याने, आईला ऐकू जाईल असं. भाऊ रंगाचा हिशेब द्यायचा: एक हात मारून झाला, भिंत रंग पिते फार, दुसरा हात मारतोय. ही गोधडीचा द्यायची: कडेपर्यंत आले, आणि ऐक, विश्वास बसणार नाही तुझा, एक थेंब लावलेला नाही. भाऊ म्हणायचा, कमालच आहे ताई. भिंतीची आणि गोधडीची शर्यत लागली होती आणि म्हातारी मधे बसून दोघांचं ऐकत होती, दाराशी रिकामी पिशवी ठेवून. एकदा तर गंमतच झाली. कोणीतरी दार वाजवलं, नळीबाई तटकन उठली, तर गोधडीही तिच्याबरोबर उठली. मांडीवर ठेवून शिवताना तिने चांगला वीतभर पट्टा आपल्या गाऊनसकट शिवून टाकला होता, अस्तराच्या खाली मांडीवरचा गाऊन आलाय हे कळलंच नव्हतं. दारात गॅसवाला उभा, आणि समोर ही बाई, गुडघ्यांपासून लांबलचक लोंबणारी गोधडी फरफटत, बापाची कॉलर पुढे आणि भावाची चड्डी मागे. गॅसवाला म्हणाला, "मी नंतर येतो." म्हातारीला सांगितल्यावर ती हसली. चमच्यानंतर पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली. "धरलं बरं गोधडीने तुला!" ती म्हणत होती. "आता कुठं जातेस?" नळीबाई त्या लाळेकडे पाहत राहिली. पुसायला तिच्या हातात रुमाल होता. तिचा हात निम्म्यात गेला आणि थांबला. म्हातारीने स्वतःच बाहीने पुसलं.

मग एका दुपारी भावाचा फोन आला. रंग वाळला. मी निघालो, रस्त्यातच आहे. नळीबाईचा एक कोपरा राहिला होता, गळ्याशी येणारा, काखेच्या तुकड्यांचा. तो तिने शेवटपर्यंत टाळला होता. आई आतल्या खोलीत पडली होती, पिशवी भरून. नळीबाईने सुई घेतली, तार घेतली, तार नेढ्यात घालून ओढली आणि तारेचा चौकोन चकतीपासून सुटून हातात आला. केसाएवढी तार, कितीदा ओढावी? तिने पाण्यात टोक बुडवलं. दोरा फुगला आणि त्याच्या टोकाला पिसारा फुटला. मेण लावलं, पिसारा मेणाचा झाला. टोक कापलं, पुन्हा कापलं. हातमोज्यांत दोरा सरकत होता म्हणून मोजे काढले. बोटांना घाम आला होता, सुई निसटत होती. दुकानं दुपारची बंद. तिने सुई उजेडात धरली, दोरा नेढ्याजवळ आणला, एक पीस आत गेलं आणि तीन बाहेर वाकली. खाली कुठेतरी गाडीचं दार वाजलं. भावाचं नव्हतं, पण असू शकलं असतं. तिला आईची पिशवी दिसली. आणि तिच्या लक्षात येण्याआधी दोऱ्याचं टोक तिच्या तोंडात होतं.

चव आधी कापडाची होती, मग धुळीची, मग कशाचीच नाही, आणि ते कशाचीच नाही हे सगळ्यात भयंकर. जिभेने ते टोक आपलं आपण फिरवलं, दातांनी आपलं आपण चपटं केलं, जणू जीभ इतकी वर्षं वाट बघत बसली होती. तिने बाहेर काढलं. बारीक, काळसर, टोकदार, ओलं. ते सुईत एका फटक्यात गेलं. आणि दुसऱ्या टोकाला गाठ मारताना तिने तर्जनी जिभेला लावली, दोरा तिच्यावर गुंडाळला, अंगठ्याने ढकलून सोडला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण मोहरीएवढी बसकी गाठ झाली, शेपटीशिवाय.  ती मोरीपाशी गेली, ओकली, चूळ भरली, जीभ टॉवेलने खरवडली. परत आली. दुसरा दोरा कापला. तो तोंडात घातला. पुन्हा मोरीपाशी गेली, या वेळी नुसतीच उभी राहून आली. काखेच्या तुकड्याला बापाच्या घामाचा वास होता की तिच्या स्वतःच्या, कळत नव्हतं. तिसऱ्या दोऱ्याला ती गेली नाही. किळस गेली नव्हती, तिथेच होती, जिभेच्या मुळाशी, बसली होती मांडी घालून; फक्त आता ती आणि सुई एकाच वेगाने चालत होत्या. ओल्या तोंडाने, वाकून, तिने तो कोपरा पुरा केला, आणि जिना वाजला तेव्हा शेवटचा दोरा दातांनीच तोडला. आणि घाईघाईने हातमोजे चढवले.

भाऊ आला. नखांच्या कडांना पांढरा रंग, अंगाला रंगाचा वास. "काय ताई, झाली म्हणे?" आईने त्याचा हात धरून बाहेरच्या खुर्चीत बसून घेतलं. पिशवी त्याच्या पायाशी. नळीबाईने गोधडी आणून म्हातारीच्या मांडीवर ठेवली, तिचं ओझं खाली गेलं तसे म्हातारीचे गुडघे जरा फाकले.

"जड आहे," म्हातारी म्हणाली. "चांगली आहे." मग विचारलं, "कशी शिवलीस?"

आत्ता सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की शेवटी घातला तोंडात. तीन शब्द. पण भाऊ समोर उभा, तिच्या तोंडाकडे बघत, हसत, कौतुकाने. आणि तिला वाटलं, ते बोलायला तोंड उघडलं की सगळ्यांना आत दिसेल, जिभेवर चिकटलेलं पीस, ओलं, काळसर. आपलं तोंडही शेवटी तसलंच निघालं, हे ओठांवर आणायचं म्हणजे स्वतःला त्या खुर्चीत आडवं करून स्वतःच्याच जिभेखाली नळी धरायची. तिने तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती पाठ झालेली बढाई.

"विश्वास बसणार नाही तुझा," ती म्हणाली. "एक थेंब लावला नाही. सगळी कोरडी."

"एकही नाही?"

"एकही नाही."

म्हातारीचा चेहरा हळूहळू सपाट झाला, इस्त्री फिरवलेल्या कापडासारखा. "बरं," ती म्हणाली. "बोलल्याप्रमाणे केलंस. हुशार आहेस." आणि भावाला, "उचल रे पिशवी."

भावाने पिशवी उचलली. नळीबाई उभी होती. तिचा घसा अडला होता, तोंडात पाणी भरत होतं आणि गिळता येत नव्हतं. गाल हळूहळू फुगत होते. म्हातारी उठायच्या तयारीत गोधडी घडी घालू लागली, घडी नीट बसावी म्हणून कोपरा हाताने शोधला, आणि सवयीने तो वर नेऊन खालच्या ओठाला लावला. टाके बघत ओठ पुढे सरकला. सरकला आणि एका गाठीवर थांबला. मग दुसऱ्या गाठीवर. मग म्हातारीने जिभेचं टोक बाहेर काढून तिसरी गाठ चाखली, सावकाश, डोळे मिटून, दाणा शिजलाय का बघावं तशी.

"ठेव रे ती पिशवी खाली," म्हातारी म्हणाली. तिच्या हनुवटीवर ओघळ आला होता आणि तो तिने पुसला नाही. "बया तोंडावर खोटं बोलतेय. ह्या कोपऱ्यातली एकूणएक गाठ तोंडातून आलीय तिच्या!"